गनडेक केलेले तास

"या विषयावर माझं आणि सेकंड इंजिनिअरचं फोनवर बोलणं झाल्याचं मला स्मरत नाही." हे वाक्य माझं आहे. चौकशीच्या निवेदनात दुसऱ्या पानावर, वरून चौथ्या ओळीत आहे, आणि खाली माझी सही आहे. निवेदन इंग्रजीत होतं. मराठीत ते मी नंतर स्वतःशी इतक्या वेळा म्हटलं की आता मूळ इंग्रजी आठवायला थांबावं लागतं. फोन झाला होता. साडेतीन मिनिटांचा. त्यातलं माझं बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे.

त्याआधी एका शब्दाबद्दल सांगायला हवं. तो शब्द हाताशी नसता तर मी जे केलं ते इतकी वर्षं इतक्या सहज करू शकलो असतो का, अशी मला शंका आहे.

मी विशीत जहाजावर गेलो. माझ्या दुसऱ्याच जहाजावर चीफ इंजिनिअर अमेरिकन होता. साठीकडे झुकलेला, तरुणपणी त्यांच्या आरमारात नोकरी केलेला. रोज टाक्यांमधलं तेल मोजून वहीत लिहायचं काम माझ्याकडे होतं. एकदा मी चार टाक्या मोजल्या आणि पाचवीचा आकडा कालच्यावरून अंदाजानं टाकला. पाचवी टाकी पार तळाशी, वाकून जावं लागेल अशा जागेत होती आणि उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. चीफनं वही पाहिली, मग माझा कामाचा बॉयलर सूट पाहिला, घामाचा डागही नसलेला.

"पाचवी गनडेक केलीस?"

मला शब्द कळला नाही. त्यानं मला समोर बसवून सांगितलं. गनडेक म्हणजे जुन्या लाकडी युद्धनौकांवरचा तोफांचा मजला. तिथं म्हणे शिकाऊ अधिकारी कागद घेऊन बसायचे आणि जहाज समुद्रात नेमकं कुठं आहे त्याची गणितं सोडवायचे. काही जण वर जाऊन सूर्य-तारे बघायचेच नाहीत. शेजाऱ्याचं उत्तर बघून गणित उलटं रचायचे. मजल्याचं नाव मग त्या लबाडीलाच चिकटलं. "हे खरं की हीसुद्धा कुणीतरी बसल्या जागी रचलेली गोष्ट, देवाला माहीत," असं म्हणून तो हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "मी नोकरीत होतो तेव्हा हा शब्द कुणाला लावला तर मारामारी व्हायची. चोर म्हटलेलं चालायचं."

त्यानं मला परत खाली पाठवलं. पाचव्या टाकीत मी लिहिलं होतं त्याहून बरंच कमी तेल होतं.

इतकी स्वच्छ शिकवण मिळूनही मी काय केलं? शब्द उचलला आणि शिकवण तिथंच ठेवली. आपल्याकडचे खलाशी खोट्या नोंदीला 'फ्लॉग करणं' म्हणतात. त्यात मजा नव्हती. गनडेकमध्ये ऐट होती. पुढच्या जहाजावर मी तो शब्द मित्रांत सोडला, त्याच्या पुढच्यावर हाताखालच्यांना शिकवला. त्यात शिवी होती ती गळाली, थट्टा उरली. "काय, गनडेक का?" असं विचारलं की समोरचा डोळा मिचकवायचा.

मग विश्रांतीचे तक्ते आले. जहाजावरच्या माणसाला चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळाली पाहिजे, आणि ती मिळाल्याचा तक्ता त्यानं सही करून ठेवला पाहिजे, असा नियम आहे. अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन असतात. नियम माणसाच्या भल्याचा आहे. पण जहाजावरची माणसं कमी झाली होती, कामं वाढली होती, आणि बंदरातला मुक्काम दिवसांवरून तासांवर आला होता. तेव्हा विश्रांती काही वाढली नाही, तक्ते भरायचं कसब वाढलं. पुढं तक्ता संगणकावर आला. नियम मोडला की चौकोन लाल होतो. तो लाल रंग किनाऱ्यावरच्या ऑफिसला दिसतो, तपासणीला चढलेल्या माणसाला दिसतो, जहाज भाड्यानं घेणाऱ्यालाही दिसतो. म्हणून लाल असता कामा नये. आता गनडेक थट्टाही राहिली नाही. डेक धुणं, फिल्टर साफ करणं, तसं ते महिनाअखेरचं एक काम झालं.

"गनडेक झालं का?"

"झालं सर."

अठरा वर्षांनी मी समुद्र सोडला आणि सिंगापूरला एका जहाज सांभाळणाऱ्या कंपनीत सुपरिंटेंडेंट झालो. म्हणजे ऑफिसात बसून चार जहाजांची इंजिनं, माणसं आणि कागद बघायचे. जहाज इथं आलं की लाँच घेऊन वर चढायचं, बाकी वेळ फोन आणि ईमेल. लाल चौकोन माझ्या पडद्यावर दिसायचे. ते दिसले तर वरचे मला विचारायचे, म्हणून मी जहाजाला विचारायचो. ईमेलवर कधीच नाही. फोनवर.

शब्द घरातही आला. आमच्यासारखी पाच-सहा मराठी दर्यावर्दी कुटुंबं रविवारी कुणाच्या तरी फ्लॅटवर जमायची, आणि पुरुषांच्या बोलण्यातून तो शब्द बायकांनी उचलला. मुलगी तिसरीत असताना शाळेतून वाचनाची वही यायची. रोज वीस मिनिटं वाचल्याबद्दल पालकांची सही लागायची. रविवारी संध्याकाळी बायको सात सह्या एकदम करायची, आणि रोजच्या वाटाव्यात म्हणून मध्ये पेन बदलायची.

"कुणाकडून शिकले?" ती मला विचारायची. "गनडेक मास्टर!"

आम्ही हसायचो. मुलगीही हसायची. तिला तो शब्द मराठी वाटत होता.

आता सेकंडबद्दल. सेकंड इंजिनिअर म्हणजे इंजिन रूममधला दोन नंबरचा माणूस. चीफ वर असतो, पण रोजचं सगळं काम सेकंडच्या अंगावर असतं. हा कोकणातला, गुहागरकडचा. घरी आई, बायको, दोन मुलं. ज्युनिअर असताना दोनदा माझ्या हाताखाली होता. मशीनचा आवाज ऐकून बेअरिंगचं दुखणं सांगायचा असा त्याचा कान होता. गनडेक हा शब्द त्याला मी शिकवला. मीच.

गेल्या वर्षी त्याचं जहाज सिंगापूरला येणार होतं. दीड दिवसाचा मुक्काम. त्यात तेल भरायचं, सामान चढवायचं, आणि तपासणीही होती. आदल्या दिवशी दुपारी मी त्याला फोन केला.

"उद्या सकाळी तपासणीवाला चढतोय. शनिवारपासूनचे सगळे लाल काढ. आणि उद्याचा दिवसही आत्ताच भरून ठेव. त्याच्यासमोर अर्धवट दिसायला नको."

"उद्याचा? सर, उद्या तेल, सामान, तपासणी, सगळं एकदम आहे. शिवाय दोन नंबर कूलिंग पंप खोलायचाय. उद्या झोप कुठली?"

"माहीत आहे रे. कागदावर दे झोप, दुपारची. बारा ते सहा टाक. गनडेक कर आणि मोकळा हो."

तो हसला. "झोपेचं ॲडव्हान्स बुकिंग! बरं सर."

मीही हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

आमच्यात एक रीत आहे. मराठी माणूस असलेलं जहाज इथं नांगरून पडलं की किनाऱ्यावरच्या कुणाच्या तरी घरून लाँचवर डबा जातो. त्या दिवशी आमच्या घरचा गेला. भाजणीची थालीपीठं, लोण्याची डबी, लसणाची चटणी. मी सकाळच्या लाँचनं जहाजावर जाऊन तपासणी पार पाडली आणि दुपारी परत आलो. तपासणीवाल्यानं तक्ते उघडले, हिरवेगार पाहिले आणि मिटले. डबा त्यानंतरच्या लाँचनं गेला.

संध्याकाळी सव्वासहाला अपघात झाला. दोन पंप शेजारी शेजारी असतात. एक चालू असतो, दुसरा तयार असतो; चालू पंप बंद पडला की तयार असलेला आपोआप सुरू होतो. दोन नंबरच्या पंपावर एक फिलिपिनो ऑइलर, म्हणजे इंजिन रूममधला खलाशी, काम करत होता, कपलिंगवरचं, म्हणजे फिरत्या जोडावरचं झाकण काढून. काम सुरू करण्याआधी दोन नंबरचा ब्रेकर, म्हणजे विजेचा मोठा खटका, बंद करून त्यावर पाटी लावायची असते. सेकंडनं एक नंबरचा बंद केला. चालू पंप थांबला, आणि ज्यावर ऑइलरचा हात होता तो आपोआप फिरला.

दोन बोटं गेली. मी हॉस्पिटलात गेलो तेव्हा त्या ऑइलरनं पट्टी बांधलेला हात चादरीखाली ओढून घेतला, मला बघायला अवघड वाटू नये म्हणून. "सॉरी सर," तो म्हणाला. तो मला सॉरी म्हणाला.

जहाज दुसरा सेकंड घेऊन पुढं गेलं. आमच्या सेकंडला चौकशीसाठी किनाऱ्यावर ठेवलं. आम्ही तेव्हा सिंगापूरच्या तोआ पायोह भागात राहायचो, तिथून दोन बसस्टॉपवरच्या एका हॉटेलात. ऑफिसातल्या माझ्या वरिष्ठांना ही बाब सोपी वाटत होती. "तक्ते बरोबर आहेत ना? मग माणूस सहा तास झोपून कामावर आला आणि चुकला. वाईट झालं, पण चूक त्याची." हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या फोनवर काय चालतं ते त्यांना ठाऊक होतं, असं मला वाटतं. पण त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

सेकंडनं मला जवळच्या हॉकर सेंटरवर, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, बोलावलं. दुपारची गर्दी ओसरली होती, टेबलं पुसणारी म्हातारी ताटं गोळा करत होती. त्यानं दोन कॉफी आणल्या आणि आपली तशीच ठेवली.

"वहिनींना सांगा, थालीपीठ झकास होतं. खाल्लं मात्र अर्धंच." मग लगेच म्हणाला, "सर, सरळ बोलू?"

"बोल."

"तक्ता खरा धरला तर मी सहा तास झोपून उठलो आणि चुकीचा ब्रेकर बंद केला. मग माझं सर्टिफिकेट गेलं. सस्पेंड नाही, कायमचं. मला दुसरं काय येतं? गुहागरला जाऊन नारळ मोजू?"

मी माझी कॉफी ढवळत राहिलो.

"तक्ता खोटा ठरला तर खोट्या सहीबद्दल शिक्षा होईल. ती मी घेतो. सही माझीच आहे, मी काही नाही म्हणत नाही. पण एकट्या माझ्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? अंगाशी आलं म्हणून बोलतोय म्हणतील. चीफनं तर हात वर केलेत, मी नवीन आहे म्हणतो. सर, फोन केला होता एवढंच तुम्ही सांगा."

"बघू."

"'बघू' नको सर. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. अडतीस तासांत दोन तास पडलो होतो मी. तेही खुर्चीत."

"सांगतो," मी म्हणालो. "सांगतो रे. काळजी करू नकोस."

त्यानं तेव्हा कॉफी उचलली.

मला भीती कशाची होती, तेही लिहितो. मी एम्प्लॉयमेंट पासवर होतो. नोकरी गेली की पास जातो, पास गेला की थोड्या दिवसांत घर, शाळा, सगळं आवरून निघायचं. मुलगी पंधरा वर्षांची होती आणि पुढच्या वर्षी तिची मोठी परीक्षा होती. मी सत्तेचाळीसचा. या धंद्यात तक्त्यावरून नाव खराब झालेल्या सुपरिंटेंडेंटला कुणी दारात उभं करत नाही. ही कारणं खोटी नाहीत. ती सगळी मी त्या दोन दिवसांत पुन्हा पुन्हा तपासून पाहिली, कुठं एखादं कच्चं निघतं का म्हणून. सगळी पक्की होती. तरी ती कारणंच होती.

गुरुवारी विमा कंपनीच्या वतीनं चौकशी करणाऱ्या बाईंसमोर बसलो. पन्नाशीच्या, बारीक केस कापलेल्या, अमेरिकन. टेबलावर तक्त्यांची छापील पानं होती. त्यांनी पाणी विचारलं, नाव-पद लिहून घेतलं आणि मग पानांवर हात ठेवून म्हणाल्या, "मी वीस वर्षं आरमारात काढली आहेत, तेव्हा आडून विचारत नाही. यातली किती पानं गनडेक केलेली आहेत?"

मी तो शब्द गेल्याच रविवारी ऐकला होता, भज्यांच्या ताटावर, कुणाच्या तरी डाएटच्या तक्त्यावरून. आम्ही त्याला इतकी वर्षं घरात खेळवला, मुलांच्या हाती दिला, त्याला कधी दात होते हे विसरून गेलो. बाईंच्या तोंडून तो आला तेव्हा दात होते. त्या डोळा मिचकवत नव्हत्या. तो अमेरिकन चीफ तरुणपणी ज्या शब्दावरून मारामारीला उठला असता, तोच शब्द, तसाच, पंचवीस वर्षांनी टेबलावर होता. मधल्या काळात त्याचा अर्थ बदलला होता असं मी धरून चाललो होतो. बदलला होता तो आमच्यापुरता; आम्हाला सोयीचा होता म्हणून.

"मी फक्त जहाजाकडून आलेले तक्ते पाहतो," मी म्हणालो.

"अपघाताच्या आदल्या दिवशी तुमच्या फोनवरून जहाजावर कॉल गेलाय."

"रोजच जातात. सुटे भाग, सामान."

"तक्त्यांबद्दल बोलणं झालं?"

इथं ते वाक्य आलं. बाईंनी ते टाईप केलं, वाचून दाखवलं, मी सही केली. पेन खाली ठेवताना हात अगदी स्थिर होता. तेच मला नंतर जास्त लागलं.

संध्याकाळी सेकंडचा फोन आला. "सर, झालं?"

"झालं."

"सांगितलंत?"

"सांगितलं," मी म्हणालो.

"फार उपकार झाले सर. घरी कळवतो."

शनिवार, रविवार गेला. मी जेवलो, बाजारात गेलो, ऑफिसचे ईमेल पाहिले. सोमवारी सुट्टी होती. मुलगी दिवाणखान्यात शाळेचा फॉर्म भरत होती, समाजसेवेचे तास. वृद्धाश्रमात तिला दहा तास जायचं होतं, सहा झाले होते.

"उरलेले चार तास कधी करणार?" मी विचारलं.

"बाबा, चिल. जस्ट गनडेक लाह. एव्हरीबडी डझ," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

मी तिच्या हातातून फॉर्म ओढला. तो फाटला. मी काय ओरडलो ते आठवत नाही; हे मात्र खरंच आठवत नाही. ती उभी राहिली.

"तूच तर म्हणतोस तसं!" ती म्हणाली. मराठीत म्हणाली, जे ती भांडताना कधी करत नाही. "सगळे म्हणता, हसता. मी म्हटलं तर ओरडतोस!"

ती खोलीत गेली. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "काय चाललंय तुझं? चार दिवस बघतेय."

"काही नाही."

"बरं. काही नाही." ती समोर बसली आणि मला थोडा वेळ देते आहे असं दाखवत फोन चाळू लागली. "आज भावोजींना जेवायला बोलावते. हॉटेलात काय खात असतील देव जाणे. त्या दिवशीही धड खाल्लं नाही त्यांनी. हा बघ फोटो पाठवला होता."

तिनं फोन माझ्यापुढं धरला. इंजिन कंट्रोल रूम. सेकंड उभा, बॉयलर सूट ग्रीसनं माखलेला, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात गुंडाळलेलं थालीपीठ. डोळे सुजलेले आणि तरी हसरा. मागं भिंतीवरचं घड्याळ. खाली फोटो आल्याची वेळ: दुपारचे चार वाजून दहा मिनिटं.

तक्त्यात तो त्या वेळी गाढ झोपला होता.

मी फोटोकडे बघत राहिलो आणि त्या क्षणी माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं. ते लिहितो, कारण ते लिहिलं नाही तर या बाकीच्याला अर्थ नाही. 'तो फोटो काढून टाक,' हे ते वाक्य. मी "तो फोटो" एवढं म्हणालोही.

"काय फोटोचं?" बायको म्हणाली.

तिनं फोन हळूच स्वतःकडे ओढून घेतला. का ते तिला अजून माहीत नव्हतं. पण माझ्याकडे बघून तिनं तो ओढून घेतला.

मग मी सगळं सांगितलं. तिनं मध्ये काही विचारलं नाही. शेवटी दोनच गोष्टी विचारल्या.

"तू सही केलीस?"

"हो."

"आणि भावोजींना काय सांगितलंस?"

"सांगितलं म्हणून सांगितलं."

"त्यांच्या बायकोचा मला रोज मेसेज येतो," ती म्हणाली. "काल लिहिलं होतं, सर आहेत म्हणून आम्ही निर्धास्त आहोत."

"पास जाईल," मी म्हणालो. "हिची परीक्षा आहे पुढच्या वर्षी."

"जाईल. मी विचारलं का पासचं?"

"मग काय विचारतेस?"

"काही विचारत नाही मी." ती उठली. "उद्या ऑफिस कितीला उघडतं त्या बाईंचं?"

मंगळवारी सकाळी नऊला मी तिथं होतो. बायकोनं फोटो मला पाठवला होता, पण तिचा फोनही दिला होता. मूळ असलेला बरा, म्हणाली. बाईंनी फोटो पाहिला, तक्त्याचं पान काढून शेजारी ठेवलं, आणि घड्याळाच्या काट्यांवर बोट टेकवलं. मग मला बोलू दिलं. मी फोनवरचं सगळं सांगितलं: लाल काढ, उद्याचं भरून ठेव, बारा ते सहा टाक. त्याच्या आधीच्या महिन्यांचंही सांगितलं. बाकीच्या तीन जहाजांचंही.

"तुमच्या शब्दांत लिहून द्या," त्या म्हणाल्या, आणि कोरा कागद सरकवला.

मी लिहायला सुरुवात केली, 'माझ्या सूचनेवरून तक्ते गनडेक'... आणि थांबलो. बाईंना तो शब्द माझ्यापेक्षा चांगला कळत होता. पण माझ्या हातून तो उतरला की त्याबरोबर रविवारची भजी उतरत होती, हसणं उतरत होतं, सगळेच करतात हे उतरत होतं. मी तो खोडला. 'माझ्या सूचनेवरून खोटे तक्ते भरले गेले. माणसं जागी होती. मला ते माहीत होतं. गुरुवारच्या निवेदनात मी खोटं बोललो.' चार वाक्यं लिहायला मला शाळेचा सबंध निबंध लिहावा एवढा वेळ लागला. बाईंनी कागद वाचला आणि काहीही न म्हणता फाईलला लावला. शाबासकी नाही, तिरस्कार नाही. त्यांनी फक्त वेळ लिहिली.

तिथून मी सरळ सेकंडच्या हॉटेलवर गेलो. खोलीत एक पलंग, एक खुर्ची. त्यानं मला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसला.

"आज सांगून आलो," मी म्हणालो.

"काय?"

"फोनचं. सगळं. लिहून दिलं."

तो हसला नाही की सुटकेचा श्वास टाकला नाही. तो हिशेब जुळवत होता. "आज सांगितलंत. म्हणजे गुरुवारी तुम्ही 'सांगितलं' म्हणालात तेव्हा..."

"नव्हतं सांगितलं."

"काय सांगितलं होतंत मग?"

"आठवत नाही म्हणून."

तो खिडकीकडे गेला. खाली शाळेची बस थांबली होती, मुलं चढत होती. "मी आईला सांगितलं होतं सर," तो पाठमोराच म्हणाला. "सर माझ्या बाजूनं उभे राहिले म्हणून. तिनं देवीला ओटी भरली तुमच्या नावानं. आता मी तिला काय सांगू?"

"खरं ते सांग."

"ते तुम्ही मला सांगताय?"

मी खुर्चीतून उठलो. मग म्हणालो, "घरी जेवायला ये. बायकोनं बोलावलंय."

"वहिनींना सांगा, पुन्हा कधीतरी." तो वळला. रडत नव्हता. दमलेला होता, फोटोतल्यासारखाच. "सर, तुम्ही आज गेलात ते बरं केलंत. खोटं नाही बोलत, बरंच केलंत. पण आता तुम्ही जा."

मी गेलो.

ऑफिसनं आठवड्याच्या आत मला मोकळं केलं. पास गेला, आणि महिन्याभरात सिंगापूरचं घर आवरावं लागलं. ऑइलर मनिलाला परतला. त्याला मी पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही, आणि यावं असं मला वाटायचंही कारण नाही. मुलीला मी सगळं सांगितलं. निघण्याआधी ती उरलेले चार तास वृद्धाश्रमात जाऊन आली, माझ्यासाठी नाही. तिथल्या एका आजोबांबरोबर तिचं जमलं होतं, असं नंतर कळलं. तिच्या शाळेचं काय करायचं यावर आमच्या घरात अजून रोज बोलणं होतं, आणि ते नेहमीच शांतपणे होतं असं नाही.

सेकंडचा निकाल लागायला चार महिने गेले. त्या चार महिन्यांत त्यानं मला फोन केला नाही. मी दोनदा केला, त्यानं उचलला नाही. निकाल बायकोच्या फोनवर आला. ती भाजी निवडत होती. वाचून तिनं फोन माझ्याकडे सरकवला.

'वहिनी, सहा महिने सस्पेंड. कॅन्सल नाही. सरांना सांगा.'

मी ते तीनदा वाचलं. "मी फोन करू त्याला?" मी विचारलं.

"फोन करा म्हणून लिहिलंय का त्यांनी?"

लिहिलं नव्हतं. सरांना सांगा एवढंच लिहिलं होतं, आणि तिनं ते मला सांगितलं होतं. मी फोन तिच्याकडे परत दिला, आणि खुर्ची ओढून तिच्याबरोबर भाजी निवडायला बसलो.